बैठकीचं थेट प्रक्षेपण, ऑनलाइन शिकवणी आणि जुन्या कॅसेटी: नेटवर हे नीट कसं करायचं?

शहापूर_ठेका विचारतात:

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान संगीत मंडळांपुढे सध्या तीन कामं एकदमच आलीत आणि तिन्हींत इंटरनेट आहे.

पहिलं बैठकीचं. हॉल १२० खुर्च्यांचा. हॉलच्या मिक्सरमधून वायर काढून फोनला लावली की यूट्यूबवर गायक मोठा, तबला शेजारच्या घरात वाजल्यासारखा आणि तानपुरा गायब. वर दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा येतो. गायलेला असतो यमन, बंदिश पारंपरिक!

दुसरं शिकवणीचं. विशारदपर्यंत आलेली मुलं नोकरीसाठी पुण्याला, बेंगळूरला जातात. व्हिडिओ कॉलवर ठेका धरला की लय खाली खाली येत जाते. असं का होतंय आणि उपाय काय?

तिसरं कॅसेटींचं. १९८० ते १९९५ या काळातल्या साधारण १८० आहेत. काही बैठकींच्या, काही धारवाड आकाशवाणीवरून उतरवलेल्या, काही कंपनीच्या विकत घेतलेल्या. काहींना पांढरी बुरशी. यातलं नेटवर काय चढवता येतं?

शिवाय मंडळात वाद चाललाय की सगळं घरबसल्या मिळालं तर हॉलमध्ये येणार कोण. त्यावरही लिहा, पण आधी कामाचं सांगा.

---

काळी_एक:

शिकवणीचं घेतो.

तीनतालाची मध्यलय मिनिटाला १६० मात्रांची धरा. एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची. व्हिडिओ कॉलला एका बाजूने २०० मिलिसेकंद सहज लागतात. गुरुजींचा ठेका मुलाला २०० नंतर ऐकू येतो, तो त्याच्याशी बरोबर गातो आणि त्याचं गाणं गुरुजींकडे आणखी २०० नंतर पोचतं. एकूण ४०० झाले, म्हणजे एका मात्रेहून जास्त. गुरुजींना वाटतं मूल मागे पडतंय, म्हणून ते हात सैल करतात. मग मूल त्या सैल ठेक्याला धरून आणखी मागे. दोघंही बरोबर असतात आणि लय बुडते. हवेत आवाज ३० मिलिसेकंदांत साधारण १० मीटर जातो आणि एकत्र वाजवताना सोसवतं ते अंतर तेवढंच. २०० म्हणजे साथीदार जवळजवळ ७० मीटरवर बसवल्यासारखं.

म्हणून ठेका मुलाच्या बाजूला वाजवायचा. तबला अॅप, तानपुरा, सगळं त्याच्याकडे. गुरुजींनी माइक बंद ठेवून नुसतं ऐकायचं. ठेका आणि गाणं एकाच वाटेने येतात, दोन्हींना उशीर सारखाच, त्यामुळे सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चुकली तर ती खरोखरच चुकलेली असते. शिकवताना मात्र ठेका बंद. गुरुजींनी तुकडा म्हणायचा, थांबायचं, मग मुलाने म्हणायचं. एका वेळी एकच बाजू. एवढी शिस्त पाळली तर विलंबित ख्यालाची बढत, पलटे, बंदिशीची बोलअंगं व्यवस्थित होतात. होत नाही ते साथीला बसवणं आणि लयीशी खेळणं. त्याला समोरासमोरच बसायला हवं, महिन्यातून दोन रविवार का असेनात.

कॉलवरची लय मध्येच अडखळते आणि मग पळते तेही लक्षात ठेवा. नेट कमी-जास्त झालं की अॅप आलेला आवाज थोडा ताणतं किंवा आवळतं, तुटू नये म्हणून. बोलण्यात हे कळत नाही, द्रुत तानेत लगेच कळतं. त्यावरून मुलाला रागावू नका. अंतिम तपासणीसाठी त्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकून स्वतःचं गाणं रेकॉर्ड करावं आणि व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. व्हॉइस नोट नको, ती मोनो आणि फार दाबलेली असते, श्वास आणि कणस्वर त्यात राहत नाहीत. इअरफोन वायरचाच. ब्लूटूथ आपला वेगळा उशीर वर घालतं.

तानपुरा गायब होतो कारण एकसारखा चालणारा आवाज अॅपला पंख्याचा वाटतो. गोंगाट काढणारी यंत्रणा त्याला पुसून टाकते आणि लांबवलेल्या षड्जाचाही शेवट खाते. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ चालू करा, त्याखालचा ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ चालू आणि एको कॅन्सलेशन बंद. एको बंद केला की दोन्हीकडे हेडफोन सक्तीचा, नाहीतर आवाज फिरत राहतो. व्हॉट्सअॅप कॉलवर शिकवणी घेऊ नका, तिथे असली सोयच नाही.

तानपुरा अॅप फोनच्या स्पीकरवर लावून रियाज, हेही बंद करायला सांगा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. खर्जातून आपोआप उठणारा गंधार ऐकायला सांगता आणि मुलाला खर्जच नसतो! मग ते पेटीच्या गंधारावर गळा बसवतं, तो तानपुऱ्याच्या गंधाराहून १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा. साधा मोठा स्पीकर पुरतो. मिरज जवळच आहे, खरा तानपुरा घेतला तर उत्तमच.

---

आठ_चॅनेल:

बैठकीचं.

हॉलच्या मिक्सरमध्ये असतो तो हॉलमध्ये *कमी पडणारा* आवाज. १२० खुर्च्यांच्या हॉलमध्ये तबला आपल्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत जातो, म्हणून ऑपरेटर त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) जवळजवळ खाली ठेवतो. ते बरोबरच आहे. पण तीच वायर नेटला दिली की घरी बसलेल्याला तबला मिळणार कुठून? नेटसाठी मिक्स वेगळं हवं. मिक्सरवर ‘ऑक्स सेंड’ (आवाज बाहेर काढायची वेगळी वाट) असतो, तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीचा, करा आणि त्यात नेटचं मिक्स बांधा. म्हणजे ऑपरेटरने हॉलचा फेडर हलवला तरी प्रक्षेपण हलत नाही.

माइक पाच पुरतात. गायकाला एक, तोंडापासून २०–२५ सेंटीमीटरवर, थोडा खाली आणि बाजूला. तबल्याला एक किंवा दोन, वरून हातभर अंतरावर. पेटीला एक, पण भात्याच्या बाजूला नको, वारा लागतो. तानपुऱ्याला स्वतंत्र, खालच्या भोपळ्याजवळ घोडीच्या दिशेने. तानपुऱ्याचा माइक वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच प्रक्षेपण कोरडं पडतं. मागे प्रेक्षकांत जोडी माइक लावलीत तर दाद येते, पण ते १० मीटर मागे असतील तर आवाज २९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि तबल्याची थाप दुहेरी होते. एक तर पुढच्या माइकांच्या आवाजाला तेवढा उशीर द्या, नाहीतर मागचे माइक अगदी हलके ठेवा.

फोनच्या जॅकला मिक्सर थेट लावू नका. जॅक माइकच्या पातळीचा, मिक्सरचा आवाज त्याच्या कित्येक पट. तो फाटणारच. एक साधा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपात घेणारी डबी), लॅपटॉप आणि ओबीएस हे प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर, एवढं पुरे. कॅमेऱ्याचं चित्र कॅप्चर कार्डातून (कॅमेरा लॅपटॉपला जोडणाऱ्या) येताना थोडं मागे राहतं, तबलजीचा हात आणि बोल जुळत नाहीत. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून ओबीएसमध्ये आवाजाला तेवढा उशीर द्या, ८० ते १५० मिलिसेकंदांत काम होतं.

कंप्रेसर (आवाजाचा चढउतार आपोआप सपाट करणारी सोय) जवळजवळ नको. गायक थांबला की तानपुरा भरतीसारखा वर येतो आणि तो गायला लागला की खाली बसतो, हा कंप्रेसरचा खेळ. आवाजाचं शिखर मीटरच्या ०च्या खाली ६ डेसिबलवर ठेवा, ०च्या खाली १ वर लिमिटर (त्यापुढचा आवाज अडवणारा) फक्त अपघातासाठी. मोठा केला तर यूट्यूब साधारण −१४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) खाली ओढतं. लहान असेल तर वाढवत मात्र नाही, म्हणून फार लाजूनही ठेवू नका.

चित्र ७२०चं चालेल. त्याला ३–४ एमबीपीएस अपलोड लागतो, हातात दुप्पट असावा. हॉलच्या वायफायवर शंभर फोन चढतात, तेव्हा राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाका. पावसात लाइट गेली तर लॅपटॉप चालू आणि राउटर बंद अशी गंमत होते, राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा. साध्याचा गुणगुणाट थेट तानपुऱ्यात मिसळतो आणि मग बेसूर कोण, यावर चर्चा!

नवीन चॅनेल असेल तर लाइव्हची परवानगी आधी मागा, सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. मोबाइलवरून लाइव्ह करायला ५० सबस्क्रायबर लागतात. संमेलन रात्रभराचं असेल तर १२ तासांच्या आत प्रक्षेपण तोडून नवीन सुरू करा, त्याहून लांब गेलेलं साठवलं जात नाही.

---

निपाणी_नाका:

कॉपीराइटबद्दल, कारण इथे गैरसमज फार.

दावा आणि स्ट्राइक वेगळे. यंत्राने जुळवलेला ‘कंटेंट आयडी’ दावा म्हणजे शिक्षा नव्हे. बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात, एवढंच. स्ट्राइक, म्हणजे हक्कदाराच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला जाणं, गंभीर. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जातं. यमनाच्या पारंपरिक बंदिशीवर यंत्राचा दावा आला तर वाद नोंदवा. कारण स्पष्ट लिहा: बंदिश पारंपरिक, गायन आमच्या मंचावरचं, तारीख अमुक, कलाकारांची लेखी संमती आहे. दावेदाराला ३० दिवस मिळतात. गप्प बसला तर दावा सुटतो. घाबरून व्हिडिओ काढणारी मंडळं जास्त.

पण शेवटी भैरवीऐवजी अभंग गायला असेल तर थांबा. अभंगाचे शब्द संतांचे, ते मुक्त. चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं ती त्याच्या वारसांची. नाट्यपदांचंही तसंच. तिथला दावा खोटा नसतो.

कॅसेटींना १९५७चा कायदा लागतो. कंपनीने काढलेलं ध्वनिमुद्रण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं तिचं. १९६०ची तबकडी १ जानेवारी २०२१पासून मुक्त झाली. तुमच्या १९८०नंतरच्या विकतच्या कॅसेटी चढवायच्या नाहीत, विषय संपला. आकाशवाणीवरून उतरवलेल्यात प्रसारकाचा हक्क २५ वर्षांचा, पण मूळ ध्वनिमुद्रणाचा आणि कलाकाराचा वेगळा. ‘२५ झाली, चढवा’ हा हिशेब चुकीचा. त्या जपून ठेवा, चढवू नका. राहिल्या मंडळाच्या स्वतःच्या बैठकी. तिथे कलाकाराचा हक्क कार्यक्रमाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं. १९८५ची बैठक असेल तर ३१ डिसेंबर २०३५पर्यंत. म्हणून कलाकाराकडून, तो नसेल तर घरच्यांकडून, लेखी परवानगी घ्या.

आणि कलाकार म्हणजे फक्त गायक नव्हे! तबलजी, पेटीवाले यांचाही तोच हक्क. नव्या बैठकीला संमतीपत्र बैठकीआधी घ्या, चहाच्या वेळी नव्हे. त्यात चार गोष्टी वेगवेगळ्या लिहा: थेट दाखवणार का, नंतर ठेवणार का आणि किती दिवस, तुकडे काढणार का, कमाई झाली तर वाटा कसा. हल्ली पाचवीही घालावी, की हा आवाज यंत्राला नक्कल शिकवायला देणार नाही.

---

फीत_आणि_धूळ:

आधी बुरशी. बुरशीची एकही कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, ती हेडवरून (डेकमधल्या फीत वाचणाऱ्या भागावरून) पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. मास्क लावून उघड्यावर काम करा. सिलिका जेलच्या डब्यात काही दिवस कोरडी होऊ द्या. मग सहाकोनी पेन्सिलीने हाताने गुंडाळत सुक्या मऊ कापडातून फीत सावकाश ओढा. अशांसाठी एक जुना डेक वेगळाच ठेवा आणि प्रत्येक कॅसेटीनंतर हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

फितीच्या मागचा फेल्टचा छोटा तुकडा गळालेला असला की आवाज मफलर बांधल्यासारखा येतो आणि लोक म्हणतात कॅसेट गेली. गेलेली नसते. पाच स्क्रूचं कवच असेल तर उघडून फीत नव्या कवचात घाला. १२० मिनिटांच्या कॅसेटींना शेवटी हात लावा, फीत सगळ्यात पातळ, गुंतते.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. हेडचा तिरपेपणा प्रत्येक कॅसेटीला वेगळा लावावा लागतो: हेडशेजारचा छोटा स्क्रू हळू फिरवत तबल्याच्या चाटीची (काठावरच्या बोलाची) किनार सगळ्यात उठावदार ऐकू येईल तिथे थांबायचं. आवाज काढायचा लाइन आउटमधून, माइकच्या सॉकेटमधून नव्हे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. स्टिरिओ तासाला १ जीबीच्या किंचित वर जातं. १८० कॅसेटी ९० मिनिटांच्या धरल्या तर २७० तास, साधारण २८० जीबी. दोन डिस्क घ्या आणि एक मंडळाच्या कपाटात ठेवू नका. यूएसबीचे स्वस्त प्लास्टिक कॅसेट प्लेयर घेऊ नका, मोटार डुलते आणि लांबवलेला षड्ज पाण्यात पडल्यासारखा हलतो.

आता नेटवर सगळ्यात जास्त बिघडलेलं दिसतं ते, म्हणजे पट्टी. जुन्या डेकचा पट्टा सैल, बॅटरी उतरलेली, त्यामुळे फीत मूळची चुकीच्या वेगाने भरलेली असते. वेगात सहा टक्के फरक म्हणजे पूर्ण अर्धा स्वर. काळी एकचा गायक पांढरी दोनवर गातो, ताना वाजवीपेक्षा चपळ वाटतात आणि नवी मुलं त्याची नक्कल करतात. दुरुस्तीला आधार पेटीचा: पेटी ३० सेंट उतरलेली दिसली तर वेग १.७५ टक्के वाढवा. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरा, नुसतं ‘चेंज पिच’ नाही, कारण लयही सुधारायची आहे. कॅसेटीच्या प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासा, वेग घसरत जातो.

विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणाटावरून वेग काढा असं बाहेरच्या मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते आंधळेपणाने करू नका. १९९०च्या दशकात दक्षिणेच्या ग्रिडवर वारंवारता बऱ्याचदा ४९च्या खाली असायची. गुणगुणाट ४८.७ला दिसला तर फीत बरोबर असून वीजच ढिली असू शकते.

खरखर काढायचं सॉफ्टवेअर वापरू नका. त्याला ‘शांत’ जागेचा नमुना लागतो आणि बैठकीच्या कॅसेटीत शांत जागा नसतेच, रेकॉर्डिंग सुरू होतं तेव्हा तानपुरा आधीपासून चालू. नमुन्यात तानपुरा गेला की पूर्ण बैठकीतून तानपुरा गेला. खरखर राहू दे.

---

आठ_चॅनेल:

खरखरीबद्दल शंभर टक्के सहमत. गर्दीचा मुद्दा राहिला, तर माझं मत असं: लाइव्ह बंद करा. चांगलं करता येत नसेल तर नक्कीच बंद करा. त्याऐवजी नीट मुद्रण करून आठवड्याने एकच राग पूर्ण चढवा.

---

काळी_एक:

मला पटत नाही. खानापूरच्या पुढे कणकुंबीत किंवा अथणीत बसलेल्याला रात्री १० नंतर परत जायला गाडी नाही. तो तुमचा गेलेला श्रोता नव्हे, कधी नव्हताच. लाइव्ह त्याच्यासाठी. हॉल रिकामा राहतो तो कार्यक्रम साडेसहाचा म्हणून साडेसातला सुरू होतो म्हणून, आणि त्यात तास भाषणांचा.

---

निपाणी_नाका:

😄 भाषणांचं लिहिलंत ते बरं केलंत.

तुकड्यांबद्दल एक. रील एवढीशी, म्हणून ख्याल मेला, अशी ओरड असते. १९०२पासून तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत होती आणि अब्दुल करीम खाँसाहेब त्यात राग उभा करत. फरक असा की ते तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटांसाठी बांधलेलं होतं. आपण करतो काय, तर ४० मिनिटांच्या मधली सगळ्यात जोरकस तान कापतो. ती तान कशातून आली ते दिसतच नाही. तुकडा काढायचाच तर मुखडा, एक भरलेलं आवर्तन आणि सम, असा काढा.

आणि नावं नीट द्या. राग, ताल, बंदिशीचा मुखडा, साथीदार, गाव, वर्ष, हे मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिप्यांत. आपल्याकडचा निम्मा श्रोता कन्नडमध्ये शोधतो. वर्णनात वेळा दिल्या की विभाग पडतात: पहिली वेळ ०:००, किमान तीन विभाग, प्रत्येक किमान १० सेकंदांचा. कर्नाटकी नावांपाशी जपा. मालकंसाला शोधणारा हिंदोळम् लिहील, ते चालेल, पण आपला हिंदोल वेगळा. भूप म्हणजे मोहनम्, दुर्गा म्हणजे शुद्ध सावेरी, हे कंसात द्या. भैरवीपुढे कर्नाटकी भैरवी असा टॅग लावू नका, तो वेगळाच राग आहे. कुमार गंधर्व सुळेभावीचे, पण गावाचं नाव लिहिलंच नाही तर ते घालून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

---

शहापूर_ठेका:

सगळ्यांचे आभार. संमतीपत्राचा मसुदा या आठवड्यात करतो. एक राहिलं: कॅसेटींवर तारीख नसेल तर? आणि कवच स्क्रूचं नसून चिकटवलेलं असेल तर?

---

फीत_आणि_धूळ:

चिकटवलेलं कवच जोडावर पातळ पट्टीची सुरी ठेवून फितीची बाजू सोडून बाकी बाजूंनी थोडं थोडं उचकटायचं. तुटणारच, पण आतल्या चकत्या सांभाळा, नवीन कवचात त्याच बसतात. सुरी फितीच्या बाजूने घालू नका, चकत्यांच्या बाजूने घाला.

तारखेसाठी पहिला मिनिटभर ऐका. निवेदक बहुतेक वेळा प्रसंग सांगतो: पुण्यतिथी, गुरुपौर्णिमा, कितवं वर्ष. मग मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीत कलाकाराचं मानधन कोणत्या दिवशी लिहिलंय ते बघा. कॅसेटीवरच्या अक्षरापेक्षा वही खरी, कारण कॅसेटींची कव्हरं अदलाबदल होतात. फीत आणि कव्हर जुळत नसेल तर फाइलच्या नावात दोन्ही लिहा.